कमावती मुलगी : हंसा वाडकर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, शेती, सहकार असे विषय शोभून दिसतात. त्या पंक्तीला एखाद्या सिनेमानटीला बसवावे काय, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनात आला असेल, तर त्यात वावगे काही नाही. पण आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, ती केवळ नटी म्हणून मला बोलावीशी वाटलेली नाही. ती घरची कमावती मुलगी होती. तेराव्या वर्षाच्या आसपास तिच्या पगारावर घराची चूल पेटू लागली, आणि पुढे ती कितीही मोठी झाली, कितीही नावाजली, तरी त्या चुलीपासून तिची सुटका झाली नाही. चुलीशी राबणाऱ्या बायका आपल्याला ठाऊक आहेत. चुलीत जळण म्हणून घातलेली मुलगी मात्र आपण सहसा पाहत नाही, कारण ती रंगीत पोस्टरवर असते. तिचे नाव हंसा वाडकर.

तिच्याकडे वळण्याआधी आपल्या दाराशीच जरा थांबू. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवरून जाणारा लोहमार्ग आपल्या रोजच्या ओळखीचा. याच मार्गाने दादासाहेब फाळके यांनी आपला चित्रपटाचा संसार मुंबईहून नाशिकला नेला. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला तेव्हा तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते. कॅमेऱ्यापुढे उभी राहील अशी बाई मिळेना. फाळक्यांनी कलावंतिणींकडेही विचारणा केली. त्यांनीही नकार दिला. नंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटासाठी मात्र दुर्गाबाई कामत पुढे आल्या. त्या पार्वती झाल्या, आणि मोहिनी झाली त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले. १९१९ साली ‘कालिया मर्दन’ निघाला, त्यातला बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची स्वतःची कन्या मंदाकिनी. म्हणजे पाहा, आपल्या रुपेरी पडद्यावर बाई आली तीच मुळी मुलगी म्हणून, आईचे बोट धरून किंवा बापाच्या हुकमाने. तिला कोणी विचारले असेल का, ‘बाळ, तुला हे करायचे आहे काय?’ विचारले असते तर कदाचित हसत हो म्हणाली असती. पोरांना नटायला आवडतेच. पण प्रश्न विचारणे निराळे आणि उत्तराची गरजच न भासणे निराळे.

हंसाबाईंचा जन्म १९२३ चा. पाळण्यातले नाव रतन, वडिलांचे आडनाव साळगावकर, मूळ सावंतवाडीकडचे. घराण्यात गाणे होते, पण ते आपल्याकडे ज्याला ‘खानदानी’ म्हणतात त्या अर्थाने नव्हे. पणजी-आजीच्या पिढ्या कलावंतिणींच्या. कोकण-गोमंतकात या घराण्यांनी केवढे संगीत जपले हे गाण्याच्या जाणकारांना सांगायला नको. गाणे जपले, पण लौकिक मिळाला नाही. घरातल्या पुढच्या पिढीला लग्न करून, कुंकू लावून, चारचौघांसारखे जगायचे होते. रतनच्या आईने तसा संसार मांडला. तो चालावा कसा? वडिलांना दारूचे व्यसन, हाताशी भांडवल नाही. रतनचे शिक्षण चार-सहा इयत्तांच्या पुढे गेले नाही. घरात गळा होता, रूप होते, आणि मुंबईत नव्याने बोलू लागलेल्या चित्रपटाला दोन्हींची गरज होती.

१९३६ साली मामा वरेरकरांच्या ‘विजयाची लग्ने’ या बोलपटात ती प्रथम आली. तेव्हा तिचे रतन हे नाव गेले, साळगावकर हे आडनाव गेले आणि ‘हंसा वाडकर’ उभी राहिली. नाटक-सिनेमात नावे बदलण्याची रीत जुनीच आहे, त्याचा फार बाऊ करू नये. तरीही इतके म्हणावेसे वाटते, की शाळेच्या हजेरीपटावरून ज्या वयात नाव खाली उतरले, त्याच वयात ते दुसऱ्या रूपाने जाहिरातीवर चढले, आणि या दोन गोष्टी एकाच व्यवहाराच्या दोन पावत्या होत्या.

येथे मला थोडे समुद्रापलीकडे जाऊ द्या. चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ हा १९२१ चा मूकपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात चॅप्लिनच्या बरोबरीने रडवणारा आणि हसवणारा जो चिमुकला पोर आहे, तो जॅकी कूगन. त्याने लहानपणी तीस-चाळीस लाख डॉलर मिळवले असे सांगतात. सज्ञान झाल्यावर तो पैसे मागायला गेला, तर आई आणि सावत्र बाप म्हणाले, कसले पैसे? १९३८ साली त्याने त्यांच्यावर खटला भरला. हाती लागले ते सव्वा लाख डॉलरच्या आसपास. त्या प्रकरणाचा असा गवगवा झाला, की १९३९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला : बालनटाच्या कमाईतला काही भाग न्यायालयाच्या देखरेखीखाली त्याच्या नावावर बाजूला पडावा. त्या कायद्याला आजही कूगनच्याच नावाने ओळखतात.

त्याच १९३९ साली आपली हंसा वाडकर मालाडला हिमांशु राय आणि देविका राणी यांच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ‘नवजीवन’ची नायिका होती. वय सोळा. आणि तोवर तिचे लग्नही होऊन गेले होते.

हे लग्न म्हणजे तिच्या साऱ्या कहाणीची गाठ आहे. बंदरकर नावाचे गृहस्थ, तिच्यापेक्षा बरेच मोठे, घराच्या ओळखीचे, अडीअडचणीला पैशाची मदत करणारे. त्यांच्याशी तिचे लग्न झाले तेव्हा ती पंधराच्या घरात होती. घरच्यांचा विरोध होता. तिचा हट्ट होता. तो हट्ट कशासाठी होता? तिला चित्रपट सोडायचा होता! स्वतःचे घर, सकाळची सडा-रांगोळी, नवरा कामावर जाईल आणि आपण त्याची वाट पाहू, एवढेच स्वप्न होते. आजच्या तरुण मुलींना हे ऐकून आश्चर्य वाटेल. घराबाहेर पडण्यासाठी धडपडणाऱ्या नायिका आपण पुष्कळ वाचल्या आहेत. हिची धडपड घरात शिरण्यासाठी होती. ती ज्या घरातून आली होती त्या घराला ‘घर’ म्हणायला समाज तयार नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे तिची ओढ समजते.

पण झाले काय? ज्याच्या हाती तिने स्वतःला सोपवले, त्याने तिचे करार करायला सुरुवात केली. कालपर्यंत पगार आईबापांच्या घरी जात होता. आता तो नवऱ्याच्या हाती जाऊ लागला. मालक बदलला, काम तेच राहिले. शिवाय आता संशय आला. स्टुडिओत पाठवायचे, आणि स्टुडिओतून आली की कोणाशी बोललीस म्हणून विचारायचे. नोकरीही करा आणि नोकरीला गेल्याबद्दल मारही खा, हा प्रकार केवळ नटीच्या घरात घडतो असे कृपा करून समजू नका.

उन्हाळ्याचे दिवस आहेत, म्हणून एक गोष्ट सहज मनात येते. आपल्या तालुक्यातला तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतो आहे. पुढे भातसा झाला, वैतरणेवर धरणे झाली. ते पाणी मोठ्या नळांतून आपल्या गावांच्या अंगावरून मुंबईला जाते, आणि वैशाख लागला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. हंसाबाईंच्या पैशाचा हिशेब मला कोणी विचारला तर मी हा नळ दाखवीन.

असो. ‘प्रभात’च्या ‘संत सखू’कडे वळू. १९४१ सालचा हा चित्रपट. विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचे दिग्दर्शन. कऱ्हाडची सखू आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सासूचा जाच, पंढरीची ओढ. तिला खांबाला बांधून ठेवतात, आणि मग साक्षात विठ्ठल तिचे रूप घेऊन तिच्या जागी राहतो, दळण दळतो, पाणी भरतो, आणि ती वारीला जाते. ही सखू अठरा वर्षांच्या हंसाबाईंनी उभी केली. ‘प्रभात’च्या शिस्तीत त्यांच्या अभिनयाला खरे वळण लागले असे मला वाटते. तमाशापटांतली त्यांची ठसकेबाज मूर्ती डोळ्यांपुढे ठेवून ‘संत सखू’ पाहणारा माणूस चकित होतो. तेथे हातवारे नाहीत, डोळ्यांत आर्जव आहे, आणि सोसण्याला एक प्रकारचा थंडपणा आहे. रोज सोसणारी बाई रडत बसत नाही, हे त्या वयात त्यांना कोणी शिकवले असेल, असे मी विचारणार नाही. मला एवढेच वाटते, की त्यांच्या जागी काम करायला कोणताही विठ्ठल आला नाही.

१९४४ चा ‘रामशास्त्री’ही ‘प्रभात’चाच. त्यात त्यांचे काम लहान आहे, पण त्या चित्रपटाचा उल्लेख मी दुसऱ्या एका कारणासाठी करतो. त्यात बालवधूची भूमिका करणारी बेबी शकुंतला तेव्हा बारा-एक वर्षांची होती. त्या मुलीनेही लहानपणापासून काम केले, पुढे बिमल रॉय यांच्या ‘परिणीता’पर्यंत मजल मारली, आणि लग्नानंतर चित्रपट सोडून कोल्हापुरात शांतपणे दीर्घ आयुष्य काढले. २०१५ साली त्या गेल्या. एकाच चित्रपटाच्या श्रेयनामावलीतल्या या दोघी. म्हणजे लहानपणी कामाला लागली की वाटोळे झालेच, असा काही नियम नाही. भोवतीची माणसे कशी आहेत, दार उघडायची परवानगी आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

मग आला १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’. राजकमलची निर्मिती, बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, गदिमांची लेखणी, वसंत देसाई यांचे संगीत. जयराम शिलेदार रामजोशी झाले, आणि हंसाबाई झाल्या तमासगिरीण बया. सोलापूरचा एक विद्वान ब्राह्मणकुमार तमाशाच्या फडात उतरतो, ही कथा. या चित्रपटाने मराठीत तमाशापटांची लाट आणली हे इतिहासाने नोंदले आहे. आपल्याकडे एकदा विहिरीला पाणी लागले, की सगळ्या गावाने तेथेच पोहरे सोडायचे. चित्रपटवाल्यांचेही तसेच झाले. सखूचा अभिनय सगळे विसरले आणि ‘हंसा वाडकर म्हणजे लावणी’ असे समीकरण होऊन बसले. १९५० चा ‘पुढचं पाऊल’ हा राजा परांजपे यांचा चित्रपट, त्यात पु. ल. देशपांडे त्यांच्याबरोबर आहेत. पुढे ‘नायकिणीचा सज्जा’सारखे चित्रपट आले. यांतले काही चांगले, काही यथातथाच. सगळ्यांची यादी देत बसत नाही.

मात्र या समीकरणात आपण प्रेक्षकांचाही वाटा आहे, तो सोडून चालणार नाही. मुरबाडकडच्या मंडळींना पौषी पौर्णिमेची म्हशाची जत्रा सांगायला नको. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, पाळणे, आणि रात्री तमाशाचा तंबू. आपण तंबूत बसून पागोटी उडवली आणि सकाळी घरी येऊन त्याच बाईविषयी तोंड वाकडे केले. पडद्यावरच्या लावणीचे तेच झाले. तिकिटाचे पैसे देताना मन मोठे, आणि ती बाई शेजारी राहायला येते म्हटले की खिडक्या बंद. हंसाबाई ‘बया’ झाल्या तेव्हा पणजी-आजीच्या ज्या वळणापासून आईने त्यांना दूर नेऊ पाहिले होते, त्याच वळणावर त्या पोटासाठी पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. फक्त आता मशालींच्या जागी विजेचे दिवे होते.

या सगळ्यात एकदा त्या पळाल्या. ही हकीकत थोडी सावकाश सांगायला हवी, कारण ‘भूमिका’ हा चित्रपट पाहिलेल्यांच्या मनात तिचे एक चित्र आहे, आणि हंसाबाईंनी स्वतः सांगितलेली गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून भयंकर आहे. नवऱ्याच्या घरी नकोसे झाले असताना एका गृहस्थाची ओळख झाली. त्याच्याबरोबर त्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेल्या. मोठा वाडा, शेतीवाडी, माणसांचा राबता. तेथे कळले, की त्याच्या घरात आधीच बायका आहेत. ही आणखी एक. स्टुडिओ नाही, करार नाही, प्रकाशझोत नाही. हातात लाटणे, डोक्यावर पदर. ज्या संसाराची आस धरली होती तो समोर आला, पण वाड्याच्या दाराला आतून कडी होती आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला. बाहेर जायची परवानगी नव्हती. जिचे चित्र महाराष्ट्रभर भिंतींवर चिकटलेले होते ती बाई तीन वर्षे त्या वाड्यात होती, आणि तिला बाहेरचा रस्ता दिसत नव्हता.

अखेर चोरून पत्र गेले. कोणाला? ज्याच्यापासून पळाल्या त्या नवऱ्यालाच. दुसरे कोणी नव्हतेच. तो पोलीस घेऊन आला आणि त्यांना सोडवून घेऊन गेला. मंडळी, या पत्राचा विचार मी पुष्कळदा केला आहे. संकटात सापडलेल्या माणसाचे पत्र कोणाच्या पत्त्यावर जाते, यावरून त्याची सारी दुनिया किती लहान आहे ते कळते. दहा-बारा वर्षे चित्रसृष्टीत वावरलेल्या, शेकडो माणसांबरोबर काम केलेल्या या बाईला एकही असा पत्ता ठाऊक नव्हता, जेथे आपण जाऊ आणि आपल्याकडून कोणी काही मागणार नाही. लहानपणी ज्याला मैत्रिणी मिळतात, शाळा मिळते, मास्तर मिळतो, त्याच्याजवळ असे दोन-चार पत्ते असतात. कामाला लावलेल्या पोराजवळ फक्त मालकाचा पत्ता असतो.

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. व्यंकटेश माडगूळकरांची पटकथा, गदिमांची गीते, वसंत पवारांचे संगीत. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात तो विक्रम म्हणून सांगितला जातो. आज सगळ्यांच्या ओठी त्यातले जयश्री गडकर यांच्यावर चित्रित झालेले, आशाबाईंनी गायलेले गाणे आहे. हंसाबाई त्यात आईच्या भूमिकेत आहेत. वय छत्तीस. चित्रपटाच्या धंद्यात मुलगी तेरा वर्षांची असताना तरुणी होते आणि छत्तीसाव्या वर्षी आई होऊन बाजूला सरकते, हा हिशेब आपण नीट पाहावा. त्या चित्रपटात पुढे येणाऱ्या जयश्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, आणि त्याही लहानपणी ‘झनक झनक पायल बाजे’च्या समूहनृत्यातून वर आलेल्या. एकीच्या पायातले चाळ दुसरीच्या पायात गेले.

नंतरची वर्षे कठीण होती. कामे कमी झाली, दारू वाढली. हे मी दुसऱ्यांच्या चावडीवरच्या गप्पांवरून सांगत नाही. त्यांनी स्वतः सांगितले आहे. ‘माणूस’ या नियतकालिकासाठी अरुण साधू या तरुण लेखकाने त्यांचे बोलणे टिपून घेतले. पुढे ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ लिहिणारे ते हेच साधू. ते कथन १९७० साली राजहंस प्रकाशनाने पुस्तकरूपाने काढले, आणि त्याला नाव दिले गेले त्याच गाजलेल्या चित्रपटाचे : ‘सांगत्ये ऐका’.

या पुस्तकाविषयी दोन मते ऐकू येतात, आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक म्हणतात, हे बंडखोर स्त्रीचे आत्मकथन आहे. दुसरे म्हणतात, ही एका अभागिनीची करुण कहाणी. पुस्तक उघडून पाहा. त्यात बंडाची भाषा नाही आणि रडगाणे तर मुळीच नाही. आईवर, आजीवर, नवऱ्यावर त्या आरोपपत्र ठेवत नाहीत. स्वतःच्या चुका, व्यसन, पुरुषांशी आलेले संबंध हेही लपवत नाहीत आणि त्यांचे समर्थनही करत नाहीत. जसे घडले तसे, स्वयंपाकघरात बसून शेजारणीला सांगावे तशा आवाजात सांगतात. आपल्याकडे साधारण त्याच काळात थोर नटांच्या आठवणी निघत होत्या. त्यांत नाटककंपन्या, पदके, महाराजांनी दिलेले शेले यांची रेलचेल असे. हंसाबाईंच्या पुस्तकात पदकांना फारशी जागा नाही. त्यात भाडे आहे, गर्भपात आहेत, नवऱ्याचा संशय आहे, मुलीची काळजी आहे. नटीच्या चरित्रात वाचकाला जे हवे असते त्याऐवजी त्यांनी कामकरी बाईचा जमाखर्च समोर ठेवला.

आणि मला महत्त्वाचे वाटते ते असे : तेराव्या वर्षापासून त्यांनी जे जे मिळवले ते कोणाच्या ना कोणाच्या हाती गेले. पगार गेला, रूप गेले, नाव तर पहिल्याच दिवशी गेले. ही हकीकत मात्र त्यांनी कोणाच्या हुकमाने सांगितली नाही. तिचा करार कोणी त्यांच्या वतीने केला नाही. पुस्तक निघाले आणि वर्षभरात, १९७१ साली, पन्नाशीही न गाठता हंसाबाई गेल्या.

पुढे १९७७ साली श्याम बेनेगल यांनी या पुस्तकाच्या आधाराने हिंदीत ‘भूमिका’ काढला. स्मिता पाटील तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट थोर आहे. पण माझी एक तक्रार आहे, ती नम्रपणे मांडतो. ‘भूमिका’ पाहून आलेला माणूस पुरुषांविषयी बोलतो : नवरा कसा, प्रियकर कसा, जमीनदार कसा. पुस्तक वाचून उठलेला माणूस पैशाविषयी बोलतो. मला दुसरी चर्चा अधिक उपयोगाची वाटते. २०१३ साली हे पुस्तक इंग्रजीत गेले आहे. म्हणजे परमुलखातले लोकही आता ते वाचतात. आपल्या वाचनालयाच्या कपाटात ते असेल तर तरुण मंडळींनी जरूर न्यावे, आणि नसेल तर चालकांनी आणावे.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा जुना जमाना झाला. खरे आहे, आणि नाहीही. लता मंगेशकर बारा वर्षांच्या असताना, १९४२ मध्ये, मास्टर दीनानाथ गेले आणि त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’मध्ये त्यांना चेहरा रंगवून उभे राहावे लागले, त्यांना ते कधीच आवडले नाही. मास्टर विनायक १९४७ साली गेले आणि त्यांची चिमुकली नंदा ‘बेबी नंदा’ म्हणून कामाला लागली. कर्ता पुरुष गेला की घरात कोण उभे राहायचे, याचे उत्तर त्या काळी विम्याच्या कागदावर लिहिलेले नसे. ते पोरीच्या चेहऱ्यावर लिहिलेले असे. लताबाई आणि नंदाबाई यांनी घरे सावरली, मान मिळवला. त्यांच्या कर्तृत्वापुढे आपण हात जोडतो. पण हात जोडताना, बारा वर्षांच्या मुलीने घर सावरावे लागणे हीच मुळी नामुष्कीची गोष्ट आहे, हे विसरतो.

आज कायदा आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावण्यास बंदी झाली, पण कलावंत म्हणून काम करण्यास सवलत ठेवली. सर्कस मात्र त्या सवलतीतून वगळली. २०१७ च्या नियमांप्रमाणे निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, शाळा बुडता कामा नये. आणि कमाईचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदतठेवीत टाकायचा. कूगनचा कायदा १९३९ चा. आपला हा नियम २०१७ चा. मधल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत आपल्या पडद्यावर किती ‘बेबी’ आणि ‘मास्टर’ येऊन गेले, मोजून पाहा. वीस टक्के का, ऐंशी का नाही, असाही प्रश्न विचारता येईल. उरलेले ऐंशी कोणाचे, याविषयी नियम गप्प आहे.

शिवाय नियम निर्मात्याला बांधतो. आपल्याच शहापूर-मुरबाडच्या घराघरांत आज मोबाइल आहे. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला नटवून, लावणीवर नाचवून, चित्रण करून जगापुढे ठेवणारे पालक आपण पाहतो; पाहणारे वाढले की पैसेही येतात. तेथे निर्माता कोण? बाप. पालक कोण? तोच. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज कोणी कोणाविरुद्ध करायचा? हंसाबाईंच्या घरी हीच अडचण होती : पाठवणारा आणि पगार घेणारा एकच होता.

आणि मी फक्त नाचणाऱ्या मुलीविषयी बोलत नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. दिवाळी सरली की आपल्या तालुक्यांतल्या पाड्यांवरून कातकरी कुटुंबे वीटभट्टीकडे निघतात. आधी उचल घेतलेली असते; ती फेडायला सगळे घर जाते, आणि शाळेतली मुलगीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन जाते. तिचे पोस्टर लागत नाही. तिच्या विटांवर कोणाचे नाव नसते. पण हजेरीपटावरून नाव खाली उतरते ते तसेच. स्टुडिओच्या मोटारीत बसलेली मुलगी आणि भट्टीच्या टेम्पोत बसलेली मुलगी, या दोघींत मला पोशाखाखेरीज फारसा फरक दिसत नाही. शाळेतल्या शिक्षिकांनी कृपा करून दिवाळीनंतरचा हजेरीपट पाहावा. जी नावे गळतील त्या घरी, टेम्पो हलण्यापूर्वी, कोणीतरी जाऊन यावे. हंगामी वसतिगृहाची सोय सरकारी योजनेत आहे. ती गावात व्हावी म्हणून ग्रामसभेत विचारणा करता येते. आणि ज्यांच्या घरची लेक दूरदर्शनच्या मालिकेत किंवा मोबाइलवर चमकते आहे, त्यांना भेटाल तेव्हा कौतुक जरूर करा. मग हळूच विचारा, तिच्या नावाचे बँकेचे पुस्तक काढले आहे काय, आणि ते कोणाजवळ असते.

बराच वेळ झाला. मुरबाडकडे जाणाऱ्या मंडळींना परतायचे आहे. अध्यक्षमहाराजांनी परवानगी दिली तर प्रश्नांसाठी थोडा वेळ ठेवावा, विशेषतः मागे बसलेल्या भगिनींसाठी.